'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' संपले, आता पुढे काय? टॉल्किनच्या सोबतीच्या पुस्तकांचा वाचनक्रम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात आम्ही काही वाचक अधूनमधून रविवारी सकाळी टॉल्किनवर बोलायला जमतो. नवे कोणी आले की पहिला प्रश्न ठरलेला असतो, आणि त्यानंतरचे प्रश्नही बहुतेक तेच. म्हणून उत्तरे एकदाची लिहून काढली. क्रम आमच्या मताचा आहे, पण मत तसे का, हेही जागोजागी सांगितले आहे. पटले नाही तर रविवारी या आणि भांडा.

सोबतीची पुस्तके म्हणजे नेमकी कोणती?

जे. आर. आर. टॉल्किन यांच्या हयातीत मध्य-पृथ्वीवरच्या, म्हणजे त्यांनी कल्पिलेल्या जगातल्या, दोनच मोठ्या कथा छापून आल्या. १९३७ साली 'द हॉबिट' आणि १९५४-५५ मध्ये तीन खंडांत 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'. याच जगातल्या पहिल्या युगाच्या कथा मात्र ते १९१६-१७ पासून लिहीत होते आणि १९७३ मध्ये वारले तोवर त्या पूर्ण झाल्या नव्हत्या. मागे राहिले हस्तलिखितांचे गठ्ठे. एकाच कथेची चार-चार रूपे, पेन्सिलीच्या मजकुरावर शाईने गिरवलेली पाने, अर्ध्यावर तुटलेली प्रकरणे. धाकटा मुलगा ख्रिस्तोफर याने पुढची चाळीसहून अधिक वर्षे ते कागद लावण्यात घालवली. 'द सिल्मरिलियन' (१९७७) पासून 'द फॉल ऑफ गोंडोलिन' (२०१८) पर्यंतची पुस्तके त्यातून निघाली. ख्रिस्तोफर २०२० च्या जानेवारीत गेला.

याशिवाय इतरांनी केलेले नकाशे, कोश आणि टीपाग्रंथ आहेत. त्यांचे पुढे येईल.

फार वेळ नाही. क्रम सांगून टाका.

'हॉबिट', 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज', त्याच्याच शेवटची परिशिष्टे, 'सिल्मरिलियन', 'द चिल्ड्रन ऑफ हूरिन', 'अनफिनिश्ड टेल्स'. इथवर सगळ्यांसाठी एकच वाट. यापुढे ज्याची त्याची आवड.

यामागचा नियम सोपा आहे. ज्या मजकुरावर लेखकाचा शेवटचा हात फिरला आहे, तो आधी वाचायचा. मुलाने जुळवून सलग केलेला त्यानंतर. जिथे मसुदे जसेच्या तसे मांडले आहेत, तो सगळ्यात शेवटी. कुठल्याही नव्या पुस्तकाची जागा ठरवताना हाच नियम लावून पाहा, बहुधा चुकत नाही.

पण कथेच्या काळाप्रमाणे वाचले तर? जगाची उत्पत्ती 'सिल्मरिलियन'मध्ये आहे, मग सुरुवात तिथूनच का नको?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि विचारणारा वाचक बहुधा शिस्तीचा असतो. तरीही आमचे उत्तर 'नको' असेच आहे.

'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मध्ये वेदरटॉपच्या टेकडीवर, काळे स्वार जवळ आलेले असताना, अरागॉर्न बेरेन आणि लूथिएनची गोष्ट सांगतो. पहिल्यांदा वाचणाऱ्याला ही दोघे कोण ते माहीत नसते. पण सांगणाऱ्याच्या आवाजातून कळते की ती फार जुनी आहेत, आणि त्यांच्याशी त्याचे काहीतरी नाते आहे. पुढे किरिथ उंगोलच्या पायऱ्यांवर बसलेला सॅम हीच गोष्ट आठवतो. बेरेनने आणलेल्या रत्नाचा प्रकाशच गलाड्रिएलने दिलेल्या कुपीत आहे, म्हणजे आपण अजून त्याच गोष्टीत आहोत, हे त्याच्या लक्षात येते. सॅमला ते जसे उमगते तसेच वाचकालाही उमगावे, अशी त्या प्रसंगाची रचना आहे. सगळे आधीच पाठ करून आलेल्या वाचकाला तिथे फक्त संदर्भ जुळल्याचे समाधान मिळते.

खुद्द टॉल्किन यांना याची जाणीव होती. १९६३ च्या एका पत्रात ते लिहितात की या कादंबरीच्या ओढीचा काही भाग मागे दूरवर दिसणाऱ्या मोठ्या इतिहासात आहे. कधी न पाहिलेले बेट लांबून दिसावे किंवा उन्हातल्या धुक्यात एखाद्या शहराचे मनोरे चमकावेत, तशी ती ओढ. तिथे प्रत्यक्ष जाऊन पोचलात तर जादू संपते, नवी क्षितिजे पुन्हा उघडली तरच टिकते. म्हणून ते मनोरे आधी लांबून बघून घ्या.

परिशिष्टे वाचायलाच हवीत का? मी तर तिथे पुस्तक मिटले होते.

मिटले असेल तर पुन्हा उघडा. तुमचे पहिले सोबतीचे पुस्तक तुमच्या हातातच आहे, त्याला वेगळे पैसे पडत नाहीत.

अ ते फ अशी एकूण सहा परिशिष्टे आहेत. पहिल्यातली अरागॉर्न आणि आर्वेनची कथा आधी वाचा. मुख्य कादंबरीत त्यांच्या प्रेमाला फार कमी पाने मिळाली आहेत, आणि आर्वेनने काय गमावले ते इथेच कळते. त्यातच पुढे बटूंच्या राजांचा इतिहास आहे. दुसऱ्या परिशिष्टात तारखांची जंत्री आहे. ती सलग वाचायची गरज नाही, पण मार्च महिन्याची पाने जरूर पाहा. फ्रोडो आणि सॅम मोर्डोरमध्ये फरफटत असताना बाकीचे त्या त्या दिवशी कुठे होते, ते तिथे शेजारीशेजारी दिसते. वंशावळी आणि पंचांग अडले तेव्हा उघडायचे.

उच्चारांचे परिशिष्ट मात्र सोडू नका. एल्फांच्या नावांतला 'सी' नेहमी 'क' वाचायचा, हे तिथे स्पष्ट सांगितले आहे. म्हणून सेलेबॉर्न नाही, केलेबोर्न.

'सिल्मरिलियन' दोनदा सुरू केले आणि सोडले. नावांच्या गर्दीत जीव गुदमरतो. काय करावे?

यावर आमच्याकडे दर वेळी चर्चा रंगते, तेव्हा जरा सविस्तर सांगतो.

आधी हे ध्यानात घ्या की ती कादंबरी नाही. एका मुखपृष्ठाआड पाच वेगवेगळ्या रचना आहेत. पहिली 'आइनुलिंडाले', म्हणजे संगीतातून जग कसे घडले त्याची गोष्ट. ती लहान आहे, मोठ्याने वाचावी अशी आहे, एका बैठकीत संपते. दुसरी 'वालाक्वेंटा' ही देवतांची ओळख आहे. ती पाठ करायचा प्रयत्न करू नका, एकदा नजर फिरवा आणि पुढे व्हा. तिसरी 'क्वेंटा सिल्मरिलियन' हा मुख्य भाग, चोवीस प्रकरणांचा. चौथ्या रचनेत नूमेनोर बेटाचा बुडीत अंत आहे आणि पाचवीत अंगठ्यांचा इतिहास.

लोक सहसा मुख्य भागाच्या चौदाव्या प्रकरणात अडकतात. बेलेरियांडचे भूगोलवर्णन तिथे येते. नद्या, डोंगर, कोणाचे राज्य कुठवर, असे पानामागून पान. ते प्रकरण नकाशा शेजारी ठेवून वाचा, नाहीतर सरळ ओलांडा आणि गरज पडेल तेव्हा मागे या. त्याने काही बिघडत नाही.

नावांचे म्हणाल तर फिन्वे, फेआनोर, फिंगोल्फिन, फिनार्फिन, फिंगोन, फिनरोड, हे सगळे एकाच घराण्यातले. कोणीही गोंधळेल. पुस्तकाच्या शेवटी वंशावळ आणि नामसूची आहे. वंशावळीच्या पानाची झेरॉक्स काढा आणि खूण म्हणून पुस्तकातच ठेवा, दर वेळी मागची पाने उलगडायचा त्रास वाचतो. आमच्यातल्या एका काकूंनी त्या कागदावर प्रत्येक नावापुढे एकच गोष्ट मराठीत लिहिली: 'रत्ने घडवली', 'एकट्याने मॉर्गॉथशी लढला', 'बेरेनसाठी मेला'. (मॉर्गॉथ म्हणजे पहिल्या युगातला मुख्य खलनायक.) एवढ्यावर त्यांनी पुस्तक पूर्ण केले. आता नवीन आलेल्यांना त्याच समजावून सांगतात.

आणि एक. महाभारत ऐकत वाढलेल्या माणसाला हे पुस्तक परके वाटण्याचे कारण नाही. कथेत उपकथा, तिच्यात आणखी एक शाप, कोणाची तरी शपथ आणि तिने केलेला कुळाचा नाश. आपण भीष्म-द्रोणांची नावे कधी घोकली नव्हती. ऐकता ऐकता ती बसली, तशी हीही बसतात.

तरीही नाहीच जमले, तर एकोणिसावे प्रकरण, बेरेन आणि लूथिएनचे, सुटे काढून वाचा. ते आवडले तर पहिल्या पानावर परत जा.

मराठीत काय मिळते?

'हॉबिट' मीना किणीकर यांच्या अनुवादात आहे आणि 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' मुग्धा कर्णिक यांनी 'स्वामी मुद्रिकांचा' या नावाने मराठीत आणले आहे. मूळ कथा मराठीत वाचून मग सोबतीच्या पुस्तकांकडे इंग्रजीतून जाणारे वाचक आमच्यात आहेत, त्यांचे काही अडत नाही. या पानावरचे पुढचे सगळे इंग्रजी प्रतींना धरून आहे.

'चिल्ड्रन ऑफ हूरिन' 'सिल्मरिलियन'च्या आधी वाचले तर चालते का?

चालते. २००७ साली आलेले हे पुस्तक म्हणजे हूरिनचा मुलगा तूरिन याची सलग, पूर्ण कथा आहे. मध्ये संपादकाच्या टीपा येत नाहीत. 'सिल्मरिलियन'ने दमवले असेल तर हे आधी घ्या. अट एकच, आनंदी शेवटाची अपेक्षा ठेवू नका. तूरिन शूर आहे, उतावळा आहे, आणि प्रत्येक वेळी योग्य वाटते तेच करून तो आपल्या माणसांचे वाटोळे करतो. टॉल्किन यांनी इतके काळे दुसरे काही लिहिलेले नाही. आमच्या मते त्यांच्या गद्याची खरी ताकदही इथेच दिसते.

'बेरेन अँड लूथिएन' आणि 'द फॉल ऑफ गोंडोलिन' याही अशाच कादंबऱ्या आहेत ना? मुखपृष्ठे तर सारखीच दिसतात.

नाहीत, आणि मुखपृष्ठे पाहून घेणारे नेमके इथेच फसतात. २०१७ आणि २०१८ च्या या दोन पुस्तकांत एकच कथा काळाच्या ओघात कशी बदलत गेली ते मांडले आहे. एक रूप, मग ख्रिस्तोफरचे विवेचन, मग दुसरे रूप. बेरेनच्या सुरुवातीच्या कथेत साउरॉनच्या जागी चक्क तेविल्दो नावाचा मांजरांचा राजा आहे, आणि बेरेन तिथे माणूस नाही, एल्फांपैकी आहे. 'सिल्मरिलियन'मधले प्रकरण डोक्यात असेल तर हा बदल बघताना फार मजा येते. नसेल तर नुसता गोंधळ होतो.

गोंडोलिनचे दुखणे वेगळे. शहराच्या पाडावाची संपूर्ण लढाई फक्त सगळ्यात जुन्या, पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या रूपात आहे. १९५१ च्या सुमारास टॉल्किन यांनी हीच कथा नव्याने, फार सुंदर लिहायला घेतली. तुओर शेवटच्या दारापाशी येतो, शहर दिसते, आणि लेखन तिथेच थांबते. हे वाचून हळहळ वाटणार, त्याची तयारी ठेवा.

ऑक्सफर्डच्या वुल्व्हरकोट स्मशानभूमीत टॉल्किन आणि त्यांच्या पत्नी एडिथ यांच्या दगडावर त्यांच्या नावांखाली 'बेरेन' आणि 'लूथिएन' कोरलेले आहे. ही कथा त्यांना किती जवळची होती, ते यावरून समजावे.

'अनफिनिश्ड टेल्स' कुठून सुरू करावे?

पहिल्या पानावरून नको. १९८० च्या या पुस्तकाचे चार भाग आहेत आणि तिसरा भाग, तिसऱ्या युगाचा, आधी वाचावा असे आम्ही आग्रहाने सांगतो. कारण त्यातली माणसे तुमच्या ओळखीची आहेत. गँडाल्फने बिल्बोलाच का निवडले, ते तो स्वतः सांगतो. अंगठीच्या शोधात निघालेल्या काळ्या स्वारांची बाजू कळते. इसिल्दुर कसा मेला, ते तपशिलाने येते. मग चौथ्या भागातला इस्तारी, म्हणजे जादूगारांवरचा लेख.

त्यानंतर दुसऱ्या भागातली आल्दारियोन आणि एरेन्दिसची कथा. हिच्याबद्दल कितीही बोललो तरी थोडेच. नूमेनोरचा युवराज समुद्राच्या वेडापायी पुन्हा पुन्हा निघून जातो, येतो म्हणून सांगितलेली वर्षे उलटतात, आणि बायको समुद्रापासून दूर, मेंढरांच्या कुरणात घर करून राहते. त्या घरात ती पुरुषाला थारा देत नाही, लेकीला बायकांमध्येच वाढवते. ना युद्ध, ना राक्षस. दोन हट्टी माणसांचा संसार तुटत जातो आणि त्याची किंमत पुढच्या पिढीला मोजावी लागते. टॉल्किन यांना स्त्री-पात्रे लिहिता येत नाहीत असे म्हणणाऱ्याच्या हातात आम्ही हीच कथा देतो.

पहिल्या भागातली तूरिनची कथा तुम्ही 'चिल्ड्रन ऑफ हूरिन'मध्ये वाचली असेल, तर ती सोडली तरी चालेल.

मी 'रिंग्ज ऑफ पॉवर' मालिका पाहून आलो. मला दुसऱ्या युगाचेच वाचायचे आहे.

मग 'द फॉल ऑफ नूमेनोर' (२०२२) तुमच्यासाठी आहे. ब्रायन सिबली यांनी दुसऱ्या युगाबद्दलचे विखुरलेले लेखन परिशिष्टातल्या कालक्रमाप्रमाणे एकत्र लावले आहे, चित्रे अॅलन ली यांची. मालिकेकडे 'हॉबिट' आणि परिशिष्टांसकट 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चे हक्क होते, 'सिल्मरिलियन'चे नव्हते. त्यामुळे पडद्यावरचे बरेच काही पुस्तकांत शोधून सापडणार नाही. मालिका आवडली तर त्यात कमीपणा मानू नका. आमच्यातले निम्मे लोक सिनेमांमुळेच आले आहेत. पण 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' वाचले नसेल तर आधी ते.

मुलगी आठवीत आहे, 'हॉबिट' फार आवडले. पुढे काय देऊ?

ताई, 'सिल्मरिलियन' मुळीच देऊ नका. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' द्या आणि तिला तिच्या वेगाने वाचू द्या. सुरुवातीची शायरमधली प्रकरणे संथ आहेत, तेवढी तुम्ही दोघींनी मिळून वाचली तर फार बरे. मध्ये बदल म्हणून 'द अॅडव्हेंचर्स ऑफ टॉम बॉम्बाडिल' (१९६२) हा सोळा कवितांचा संग्रह चालेल. टॉमच्या कविता त्यात पहिल्या दोनच, बाकी हॉबिटांची गाणी आणि गमती.

बारा खंडांचा तो इतिहास वाचावा का?

'द हिस्ट्री ऑफ मिडल-अर्थ', १९८३ ते १९९६. पहिल्या खंडापासून बाराव्यापर्यंत सलग वाचायला घेऊ नका, बहुतेकांचा उत्साह तिसऱ्यातल्या दीर्घ काव्यांपाशी आटतो. सहा ते नऊ या खंडांत 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' कसे लिहिले गेले ते आहे, तिथून सुरुवात करा. पहिल्या मसुद्यांत फ्रोडोचे नाव बिंगो होते. आणि सरायीतला तो गूढ माणूस, जो पुढे अरागॉर्न झाला, तो लाकडी जोडे घालणारा ट्रॉटर नावाचा हॉबिट होता! लेखकालाही तो कोण ते बराच काळ ठाऊक नव्हते. जो स्वतः काही लिहितो त्याने हे खंड वाचावेतच. नवव्या खंडात कादंबरीतून गाळलेला उपसंहार आहे, सॅम आणि त्याची मुले असलेला.

दहावा खंड, 'मॉर्गॉथ्स रिंग', हा वेगळ्या कारणासाठी. त्यात फिनरोड हा एल्फ आणि आंद्रेथ ही मर्त्य स्त्री यांचा मृत्यूवरचा संवाद आहे. 'सिल्मरिलियन' झाल्यावर केव्हाही तेवढाच वाचता येतो.

पत्रांचे पुस्तक आधी की नंतर?

नंतर. पत्रसंग्रह १९८१ चा, वाढवलेली आवृत्ती २०२३ ची. क्रमाने वाचायची गरज नाही, सूचीतून हवे ते काढावे. मिल्टन वॉल्डमन या संपादकाला लिहिलेल्या लांबलचक पत्रात टॉल्किन यांनी आपल्या साऱ्या पुराणकथेचा आराखडा मांडला आहे. 'सिल्मरिलियन'च्या १९९९ नंतरच्या प्रतींत हे पत्र सुरुवातीलाच छापलेले असते. तरी ते शेवटी वाचा, त्यात सगळ्या कथांचे शेवट सांगून टाकलेले आहेत.

नकाशे आणि कोश?

एकच घ्यायचे तर कॅरन विन फॉनस्टॅड यांचा 'अॅटलस ऑफ मिडल-अर्थ', आणि तोही १९९१ ची सुधारित आवृत्ती. त्या व्यवसायाने नकाशाकार होत्या. फ्रोडोने कोणत्या रात्री कुठे मुक्काम केला, इथपर्यंत त्यांनी आखून दाखवले आहे. रॉबर्ट फॉस्टर यांचा नामकोश 'सिल्मरिलियन' वाचताना उपयोगी पडतो. मात्र नोंद उघडली की त्या पात्राचे मरणही वाचावे लागते, तेव्हा बेताने.

नागपुरात पुस्तके घेताना काय पाहावे?

बर्डीवर जुनी पुस्तके चाळताना 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'ची जाडजूड एकखंडी प्रत मिळाली तर आधी शेवटची पाने पाहा. १९६८ च्या एकखंडी पेपरबॅकमध्ये अरागॉर्न-आर्वेनची कथा सोडून बाकी परिशिष्टे गाळली होती. फूटपाथवरच्या नकली प्रतींत नकाशे इतके पुसट असतात की एक नाव धड वाचता येत नाही, आणि या पुस्तकांना नकाशाशिवाय हात लावण्यात अर्थ नाही. 'सिल्मरिलियन' घेताना वंशावळ आणि नामसूची दोन्ही शाबूत आहेत ना, तेवढे तपासा.

शक्य झाल्यास तीन सुटे खंड घ्या. हजारावर पानांची एकखंडी पेपरबॅक मेच्या उन्हात डिक्कीत राहिली की बांधणीचा डिंक सैल होतो आणि पाने गठ्ठ्याने सुटतात. कूलरच्या थेट झोतातही ठेवू नका, ओलसर हवेने पातळ कागद फुगून लाटा धरतो. त्या पुन्हा सरळ होत नाहीत.